नारळाची दोरी

“मग सरावाला मऊ घेऊ का कडक, बाबा?”

दरीकाठच्या चिंचेखाली चमनशा बाबा फकीर शेंगा सोलत होता. त्यानं एक दाणा तोंडात टाकला, एक खारीपुढं टाकला आणि खार काय म्हणते ते बघत बसला.

“का हलकी घेऊ?”

खारीनं दाणा उचलला. बाबानं दुसरी शेंग उचलली.

नरसू गावडा तसा गप्प बसणाऱ्यातला नव्हे. आंबेखोलात बंदुकीवर बोलायचं ते त्यानंच, बाकीच्यांनी विड्या ओढायच्या. घरची बंदूक ठासणीची, शेतराखणीच्या परवान्याची. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजानं ठासायची. गोळ्याही घरीच ओतायच्या. घट बसायच्या आधीपासून हा पठ्ठ्या चुलीवर शिसं वितळवत होता. शेवटी त्याच्या बायकोनं, तुळसानं, पळी लपवली आणि सांगितलं, ह्या घरात एक तर गोळ्या शिजतील नाहीतर आमटी.

त्या पळीतून निघालेली सगळी दौलत त्यानं आता फकिराच्या पुढ्यात मांडली होती. निरनिराळ्या चिंध्यांच्या पुरचुंड्या. ह्यात मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या, मऊ. ह्यात छापखान्यातल्या मोडक्या खिळ्यांच्या, कडक. ही वाटोळी, ही लांबट, बोराच्या आठळीसारखी. सरावाला हलकी वापरावी तर दसऱ्याच्या दिवशी जड गोळी हाताला दगा देईल. जड वापरावी तर त्या दिवसापर्यंत खांदा उरायचा नाही. हे सगळं तो एका दमात बोलला, आणि दम संपला तेव्हा त्याचे ओठ सुकले होते.

सराव म्हणाल तर घरामागच्या परड्यात चालूच होता. दुधी भोपळ्यावर मारलेली एक गोळी शेजारच्या रांजणाला लागली होती. शेजारीण तेव्हापासून बोलत नव्हती. तेवढाच काय तो सरावाचा फायदा.

“बाबा, दसरा तोंडावर आलाय...”

आंबेखोलाची एक रीत आहे. दसऱ्याची पालखी शिवेवर येते, तिथं वडाला नारळ टांगतात. गावड्यांच्या घरानं तो एका बारात फोडायचा, मगच पालखी शीव ओलांडते. आणि फांदीवरून सोडलेली नारळाची दोरी धरायची ती त्याच घरच्या माणसानं, नारळापासून हातभर अंतरावर उभं राहून. ही रीत कुणी घातली देव जाणे. घालणारा गावडा नसणार एवढं नक्की.

इतकी वर्षं बार काढायचा नरसूचा बाप भावकू, आणि दोरी धरायचा नरसू. औंदा भावकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. म्हणून औंदा बार नरसूचा.

आणि दोरी भावकूची.

बाबानं एकेक पुरचुंडी सोडली. नीट वास घेतला. मग सगळ्या गोळ्या आपल्या लाकडी वाडग्यात ओतल्या आणि हातानं कालवल्या, जसा कुणी भात कालवतो.

“अहो बाबा... मी वेगवेगळ्या केलेल्या...”

“दिसतंय.” बाबानं वाडगा बाजूला सारला. “आण इकडं बंदूक. मी भरतो, तू मार.”

संस्थानी काळात राजेसाहेब शिकारीला निघाले की त्यांच्या बंदुका चमनशा भरायचा. वाघ राजेसाहेब मारायचे. फोटोत तसंच आहे. बाबाला विचारलं की तो नुसता हसायचा.

चिंचेच्या फांदीवरून दोरी सोडून बाबानं एक वाळका भोपळा टांगला. दोरीचं टोक खुंटाला बांधलं. मग नरसूकडं पाठ करून, मांडीत बंदूक घेऊन त्यानं ती भरली आणि पुढं केली.

नरसूनं नेम धरला. बार उडाला. धूर विरला. भोपळा होता तिथंच होता.

“कोणती होती?” बाबानं विचारलं.

नरसूनं खांदा चोळला. “कडक. छापखान्याची. कडक गोळी डावीकडं ओढते, मी मघाशीच बोललो.”

“अस्सं.”

“खांद्याला कळतंय की, बाबा. इतक्या ओतल्या मी.”

“खांदा हुशार आहे,” बाबा म्हणाला, आणि पुन्हा पाठ करून बसला.

दुसऱ्यांदा नरसूनं श्वास रोखला, डोळा बारीक केला, चाप ओढला.

टिक्.

नुसती घोड्याखालची ठिणगीची टोपी वाजली. बार नाही, धूर नाही. पण नळी मात्र पाण्यावर आलेल्या म्हशीसारखी खाली वाकली होती, पार गवतापर्यंत.

“ही कोणती?”

नरसूनं नळी गवतातून वर घेतली.

“मऊ का कडक?”

नरसूनं वाडग्याकडं बघितलं. गोळ्या कालवल्या होत्या तशाच होत्या. त्यांच्यावर शेंगांची टरफलं पडली होती, आणि एकही टरफल हललं नव्हतं.

“मघाचीही बिनगोळीची...?”

“मघाचीही.”

“मग तो आवाज...”

“दारूचा. चांगली आहे तुझी दारू.”

नरसूचे कान तापले. हसावं का रडावं हे त्याला कळेना, म्हणून तो खाली बसला.  नळी वाकते ती गोळीनं नव्हे. मग पळीभर शिसं ओतून, निवडून, चिंध्यांत बांधून तो इतके दिवस नेमकं काय बांधत होता?

बाबानं तिसऱ्यांदा पाठ केली. ह्या वेळी जरा जास्त वेळ. मग बंदूक नरसूच्या हातात दिली, काठी टेकत झाडाकडं गेला, खुंटाची दोरी सोडून स्वतःच्या मुठीत धरली आणि भोपळ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला.

“मार.”

नरसूनं बंदूक हातात तोलून बघितली.

“बाबा... ह्यात गोळी आहे?”

“खांद्याला विचार.”

“बाबा, चेष्टा नको.”

“मार म्हटलं ना.”

नरसूनं बंदूक उचलली, पण नळी झाडाकडं वळेना. भोपळा दिसत होता. भोपळ्याशेजारी पांढरी दाढी. मग दाढी दिसेनाशी झाली आणि तिथं बापाचा, आप्पाचा, चेहरा आला. दुधाळ झालेले डोळे, कुठं बघायचं ते न कळून समोर धरलेले. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. झाडावर कावळा ओरडला तरी नरसूचं बोट दचकलं.

त्यानं नळी दरीकडं वळवली आणि बंदूक गवतावर ठेवली.

“नाही जमायचं.”

“का?”

“तुम्हाला लागली तर?”

“कोणती लागेल?” बाबा तिथूनच म्हणाला. “वाटोळी का लांबट?”

नरसूनं तळहात धोतराला पुसले.

बाबानं दोरी पुन्हा खुंटाला बांधली. येऊन बंदूक उचलली, नळीत गज सोडला. गज थेट तळाला जाऊन खणकला. मोकळी. मग तो बसला आणि शेंगा पुढं ओढल्या.

“तू दोरी धरायचास,” तो म्हणाला. “घाबरायचास?”

नरसूनं आठवून बघितलं. पालखी, गुलाल, शिवेवर मांडलेलं जिलबीचं दुकान. आप्पा समोर उभा राहायचा, उजव्या पायानं डावी पोटरी खाजवायचा, एकदा लेकाकडं बघायचा, मग नारळाकडं. आणि लेक? लेक जिलबीकडं बघत असायचा. पहिला घाणा कुणाला मिळतो ह्याचीच काय ती धास्ती.

“नाही.”

“बाप कोणती गोळी घालायचा?”

नरसूनं वाडग्यातल्या गोळ्यांकडं बघितलं. 

“...कधी विचारलं नाही.”

बाबानं बंदूक नरसूच्या हातात दिली. मोकळ्या बंदुकीच्या नळीच्या टोकावर त्यानं एक शेंग ठेवली आणि सांगितलं, चाप ओढ, शेंग पडता कामा नये.

शेंग पडली. खारीनं नेली. दुसरी पडली, तीही नेली. दुपार अशीच गेली. नरसूचे दंड भरून आले, खारीचं पोट भरून आलं. बाबा मधूनच डोळे मिटायचा आणि मधूनच, झोपेत असल्यासारखा, म्हणायचा, “पडली.”

उन्हं कलली तेव्हा टिक्-टिक् चालूच होती, आणि खार बराच वेळ उपाशी बसून होती.

नरसूनं बंदूक खांद्यावर टाकली, वाडग्यातल्या गोळ्या धोतराच्या सोग्यात घेतल्या. मऊ, कडक, वाटोळ्या, लांबट, सगळ्या एकात एक. चार पावलं गेला आणि थांबला. सोगा चाचपला. परत फिरला.

“बाबा... पण दसऱ्याला ह्यातली कोणती घालू?”

बाबानं शेवटची शेंग फोडली. एक दाणा आपण घेतला, एक खारीला दिला.

“दोरी धरणाऱ्यानं विचारलं, की सांगतो.”