अर्ध्या पगाराचा नकाशा

फार फार वर्षांपूर्वी नकाशे खळ लावलेल्या कापडावर काढले जायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात एक मुलगी पाच वर्षं गुरूंच्या घरी राहून नकाशे काढायला शिकली. शिक्षण संपताच ती राजाच्या स्थपतीकडे, म्हणजे बांधकामाच्या प्रमुखाकडे, नोकरी मागायला गेली.

स्थपतीनं तिला तिथला रिवाज सांगितला. नव्या माणसाला पहिली तीन वर्षं महिना पाच नाणी, आणि त्याचा प्रत्येक नकाशा म्हातारा गवंडी तपासणार. मुरलेल्या माणसाला दहा नाणी, पण त्याचा नकाशा कुणी तपासायचा नाही. चुकला तर नोकरी गेली.

मुलीला राग आला. पाच वर्षं डोळे शिणवले ते पाच नाण्यांसाठी? शिवाय आपल्याला दहा नाणी मिळणार, असं तिनं गावभर आधीच सांगून ठेवलं होतं! तुम्ही-आम्ही तरी काय वेगळं केलं असतं म्हणा. तिनं दहाच मागितली आणि 'मग जोखीमही तुझी' असं बजावून स्थपतीनं ती कबूल केली.

पहिलंच काम आलं गावच्या विहिरीच्या पायऱ्यांचं. जागा थोडी होती, म्हणून तिनं वीतभर उंच आणि वीतभरच रुंद पायऱ्या आखल्या. नकाशा फार देखणा झाला. सगळी कचेरी तो बघायला जमली.

दगड घडवायला सुरुवात व्हायच्या आदल्या दिवशी म्हातारा गवंडी तिच्याकडे आला.

"ताई, तुमचा नकाशा तपासायचा मला हक्क नाही," तो म्हणाला. "पण त्या विहिरीचं पाणी माझी सून भरणार आहे. जरा माझ्याबरोबर चला."

त्यानं अंगणात सुटे दगड रचून नकाशातल्या मापाच्या चार पायऱ्या केल्या होत्या. त्याची सून डोक्यावर भरली घागर घेऊन खालून चढू लागली. दुसऱ्याच पायरीवर ती अडखळली. सासऱ्यानं सावरलं नसतं तर पडलीच असती.

"घागर डोक्यावर असली की खालचं दिसत नाही, ताई," सून म्हणाली. "पावलानं चाचपत चढावं लागतं. इथं तर माझं पाऊलच मावत नाही."

मुलीनं गवंड्याचे पाय धरले. आपली नोकरी वाचली याहून कुणाचं हाडबीड मोडलं नाही याचं तिला जास्त बरं वाटलं.

गवंड्यानं तिला उठवलं. "मला लिहिता-वाचता येत नाही. पण तुमची रेघ इतकी स्वच्छ, की चूक मला लगेच दिसली. ती रेघ ज्यांनी शिकवली, त्यांचेही उपकार माना."

मुलगी तशीच स्थपतीकडे गेली. सगळं खरं सांगितलं आणि पाच नाण्यांवर काम मागून घेतलं. स्थपतीनं ते दिलं. विहिरीला मध्ये वळण घेऊन रुंद पायऱ्या झाल्या आणि बायका बिनघोर पाणी भरू लागल्या.

तीन वर्षांनी तिला दहा नाणी मिळाली. आता तिचा नकाशा कुणी तपासायचा नव्हता. तरी म्हातारा जिवंत होता तोवर ती प्रत्येक नकाशा घेऊन त्याच्या अंगणात जात राहिली, आणि निघताना दर वेळी त्याच्या पाया पडत राहिली.

तात्पर्य: शिकलेल्या विद्येचा मान राखावा, पण कामाच्या सुरुवातीला आपली चूक दाखवणारा भेटला तर त्याची शिकवणही आपल्या पगारातच धरावी.