राजाचा पोपट आणि वांग्याचं भरीत

फार पूर्वी, राजेमहाराजेसुद्धा दुपारी जेवून तासभर आडवे होत असत त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा मनानं चांगला, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत भारी चिकित्सक. ताटातल्या प्रत्येक पदार्थाची चौकशी केल्याशिवाय तो घास तोंडात घालत नसे. दूध कुणाच्या गाईचं? ती गाय चरते कुठे? तांदूळ कुठल्या खाचरातला? आचारी बिचारा स्वयंपाकापेक्षा उत्तरं देऊनच जास्त दमायचा.

राजाचा दिवाण म्हातारा होता. राजा लहान असताना त्याला खांद्यावर बसवून दिवाणानं साऱ्या जत्रा दाखवल्या होत्या. त्यामुळे भर दरबारात राजाला 'नाही' म्हणायची हिंमत तो एकटाच करी.

एकदा राजाच्या मनात आलं, नवा रंगमहाल बांधावा. दिवाण म्हणाला, "महाराज, तलावाचा बांध खचलाय. आधी तो दुरुस्त करू. रंगमहाल कुठे पळून जातोय?"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. राजानं बांधाचं काम मंजूर केलं. पण ते हसणं त्याला झोंबलं ते झोंबलंच. जेवताना आठवे, झोपताना आठवे.

त्याच सुमारास एका व्यापाऱ्यानं राजाला एक पोपट भेट दिला. हिरवागार, लाल चोचीचा, ऐकलेलं हुबेहूब बोलणारा. राजाला तो इतका आवडला, की तो दुपारी झोपायचा त्या दालनातच त्यानं, खिडकीशी, पिंजरा टांगायला लावला.

काही दिवस गेले आणि एका सकाळी पहारेकरी कुजबुजत आला. "महाराज, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण दिवाणजी फितूर आहेत म्हणं. शेजारच्या राजाला मिळालेत."

"कोण म्हणतं?" राजानं विचारलं.

"सगळेच म्हणतात, महाराज."

दाढी करता करता न्हाव्यानं तेच सांगितलं. फुलं घेऊन आलेल्या माळ्यानंही तेच सांगितलं. राजा विचारात पडला. एक जण चुकेल, तिघं कसे चुकतील? शिवाय त्याच्या स्वतःच्या मनातही कुठेतरी तसंच येत होतं. आपल्याला जे वाटतं तेच लोकही म्हणतात म्हटल्यावर शंकेला जागा उरली कुठे? त्यानं हुकूम काढला, दिवाणानं उद्या मावळतीच्या आत राज्य सोडून जावं.

दुसऱ्या दिवशी दिवाण निरोप घ्यायला आला तेव्हा राजा जेवायला बसला होता. ताटात वांग्याचं भरीत होतं. म्हातारा दाराशी उभा होता, हातात काठी आणि काखेत एक गाठोडं. राजानं त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि आचाऱ्याला विचारलं, "वांगी कुणाच्या मळ्यातली?"

"नदीकाठच्या मळ्यातली, महाराज."

"तोडली कुणी?"

"मळेवाल्याच्या सुनेनं."

"पाणी कुठल्या विहिरीचं?"

"दगडी विहिरीचं, महाराज."

राजाचं समाधान झालं. त्यानं घास उचलला. तेवढ्यात दिवाण म्हणाला, "महाराज, मी आपल्याकडे काही मागायला आलो नाही. फक्त एक विचारतो. या वांग्याची जेवढी चौकशी केलीत, तेवढी माझ्याबद्दलच्या बातमीची केलीत का?"

राजाचा हात तसाच थांबला. त्यानं घास ताटात ठेवला आणि पहारेकऱ्याला बोलावलं.

"दिवाणजी फितूर आहेत, हे तुला कुणी सांगितलं?"

"न्हाव्यानं, महाराज."

न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला माळ्यानं. माळ्याला विचारलं, तो म्हणाला महाल झाडणाऱ्या दासीनं. दासी पुढे आली.

"सरकार, म्या माझ्या मनाचं काय बी न्हाई सांगितलं. तुमच्या दालनात झाडू मारताना पोपट बोलला. म्या ऐकलं आन् माळीदादाला सांगितलं, येवढंच."

म्हणजे तीन तोंडांची ती बातमी एकाच चोचीतून निघाली होती. पण राजाला हायसंच वाटलं. तो म्हणाला, "मग तर खरंच असणार! माणूस खोटं बोलेल. पाखराला कसला आलाय स्वार्थ?"

"पाखरू खोटं बोलत नाही, महाराज," दिवाण म्हणाला, "पण ते ऐकलेलंच बोलतं. त्याला हे कुणी ऐकवलं?"

पिंजरा सगळ्यांसमोर आणून ठेवला. राजानं विचारलं, "कुणी सांगितलं?" पोपट गप्प. राजानं हिरवी मिरची पुढे केली आणि पुन्हा विचारलं, "सांग ना, कुणी सांगितलं?" पोपटानं मिरची खाल्ली आणि डोळे मिटून घेतले. लोक चुळबुळ करू लागले. राजाही कंटाळून उठणार, इतक्यात पोपटानं मान फुगवली आणि तो घोरू लागला.

घुर्रर्र... घुर्रर्र... मग दोनदा मिटक्या मारल्याचा आवाज आला. मग जड, झोपाळू, भारदस्त स्वरात तो म्हणाला, "दिवाण फितूर आहे. माझं हसं करतो. फितूर आहे... अगं, जरा जोरात वारा घाल." आणि पुन्हा घुर्रर्र.

दासीनं ऐकलं होतं ते मधलं एवढंसं वाक्य. पुढचंमागचं ऐकायला ती थांबलीच नव्हती.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. राजा मात्र इकडेतिकडे बघत राहिला. "कुणाचा आहे हा आवाज?" त्यानं विचारलं. शेवटी राणी हळूच म्हणाली, "रोज दुपारी पलीकडच्या दालनात मला ऐकू येतो तो, महाराज. आपला आहे."

पाटावरचं ताट, दारातला म्हातारा, त्याच्या काखेतलं गाठोडं, सगळं राजाला एकदमच दिसलं. त्याला अतोनात लाज वाटली. त्यानं दिवाणापुढे जाऊन त्याचे पाय धरले.

"दिवाणजी, माझाच राग मी झोपेत बोललो. तोच गावभर फिरून परत माझ्याकडे आला, आणि मी त्यालाच साक्षीदार मानलं. मला क्षमा करा."

दिवाणाचे डोळे भरून आले. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि राजाला लहानपणीच्या नावानं हाक मारली. "उठा, बाळराजे. भरीत गार होतंय."

त्या दिवशी दोघं एका पंगतीला जेवले. दासीला, माळ्याला, कुणालाच शिक्षा झाली नाही, कारण शिक्षा द्यायची तर सुरुवात कुणापासून करायची हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पिंजरा तेवढा विश्रांतीच्या दालनातून उचलून दरबारात टांगला गेला.

पोपटाच्या कानावर त्या दिवशी एक नवं वाक्य पडलं होतं. ते त्यानं चांगलं पाठ करून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं दरबारात कुणी "सगळे म्हणतात..." अशी सुरुवात केली, की तो वरून ओरडे, "कुणी सांगितलं? कुणी सांगितलं?" सांगणारा गडबडून जाई. दरबार हसे, राजाही हसे.

एकदा मात्र राजाच तावातावानं म्हणाला, "मला पक्कं ठाऊक आहे!" आणि वरून प्रश्न आला, "कुणी सांगितलं?"

राजा दिवाणाकडे बघून म्हणाला, "थांबा जरा. आधी विचारून येतो."

तात्पर्य: कानावर आलेली गोष्ट खरी मानण्याआधी ती कुठून निघाली ते शोधावं, आणि शोधत शोधत आपल्याच दाराशी येऊन पोचलो, तर ते कबूल करायचंही धाडस ठेवावं.