नुसत्या पाण्याला लागलेले थेंब

‘निशांतची बातमी आली तेव्हा तुम्ही काय करत होता, सर?’

‘शेंगा भाजत होतो.’

इतक्या साध्या उत्तराची खोचीकरांची तयारी नव्हती.

‘मी जर्नलं तपासत होतो,’ ते म्हणाले. ‘फोन वाजला, तर हातातलं पान पुरं केलं. खाली सही केली. मग फोन उचलला... साधा मंगळवार होता, सर. डब्यात वांग्याची भाजी होती. ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.’

शिरगुप्पे सरांनी मान हलवली.

दोघे शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत बसले होते. गावच्या रसायन मंडळाच्या बैठका इथेच भरत. महिन्यातून एका शनिवारी बाहेरचा कुणी पाहुणा येई, व्याख्यान देई. निम्मी मंडळी व्याख्यानासाठी जमत, निम्मी नंतरच्या बटाटेवड्यासाठी. सर मंडळाचे अध्यक्ष, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय तिथे कुणी बोलत नसे. या शनिवारचे पाहुणे होते खुद्द खोचीकर, सरांचे एके काळचे विद्यार्थी, आता शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख.

निशांत हा खोचीकरांचा एकुलता एक मुलगा. त्यानेही सरांच्या रविवारच्या वर्गात पहिले प्रयोग केले होते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्या मंगळवारी रिॲक्टरमधलं मिश्रण तापत गेलं, आवरलं नाही, आणि झाकण उडालं. निशांत सगळ्यांत जवळ होता.

त्या पाळीचा प्रमुख होता उत्तम हारुगले. तोही सरांचाच विद्यार्थी. मंडळाच्या व्याख्यानांना पडदा बांधायचा तो उत्तमनेच, असा रिवाज पडून गेला होता. त्या दिवसानंतर तो मंडळात फिरकला नव्हता.

खोचीकरांनी पिशवीतून कागद काढले आणि सरांपुढे ठेवले.

‘शनिवारी मी हे मांडणार आहे. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बारा मिनिटं उशिरा उघडला. सगळं गणितानं निघतं. शेवटच्या पानावर नाव आहे.’

‘कुणाचं?’

‘तुम्हाला माहीत आहे.’

‘तुझ्या तोंडून ऐकू दे.’

‘उत्तमचं.’

...

‘सरकारी चौकशी चालू आहे ना, शशी?’

‘चालू आहे की! बैलगाडीच्या चालीनं. तोवर हा गावात उजळ माथ्यानं हिंडणार.’

‘हिंडतोय होय? मला तर कुठे दिसला नाही.’

सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मध्ये कुठे थांबले नाहीत, कुठे खूण केली नाही. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून ठेवले.

‘गणित सुरेख आहे.’

खोचीकर पुढे झुकले. ‘मग बोलू ना शनिवारी?’

सर उठले. ‘ब्युरेट भर.’

‘काय?’

‘ब्युरेट. ती बघ, स्टँडला आहे. अल्कली त्या बाटलीत.’

‘सर, वीस वर्षं विभागप्रमुख आहे मी.’

‘म्हणून तर म्हणतो. वीस वर्षांत स्वतः भरली नसशील. भर.’

खोचीकर उठले. राग आला होता, पण हाताला सवय होती. त्यांनी ब्युरेटची खुणा आखलेली काचनळी धुऊन घेतली, भरली, टोकातला हवेचा बुडबुडा घालवला. तेवढ्यात सरांनी शंकूच्या आकाराचं काचपात्र पुढे केलं. आत डिस्टिल्ड पाणी होतं. त्यात त्यांनी रंग दाखवणाऱ्या सूचकाचे दोन थेंब टाकले.

‘आणि आम्ल?’

‘घालायचं नाही. सोड थेंब.’

पहिला थेंब पडला. पाण्यात गुलाबी धागा उमटला, आणि हलवताच नाहीसा झाला.

दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्याचंही.

आणखी थोडे थेंब गेले, तेव्हा कुठे फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला.

‘पात्रात काय होतं?’ सरांनी विचारलं.

‘काही नव्हतं. पाणी होतं.’

‘मग इतके थेंब कुणाला लागले?’

पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगतात तसं खोचीकर सांगू लागले. ‘पाण्यात मुरलेल्या हवेला लागतात, सर. हे ब्लँक. नमुना न घालता घेतलेलं वाचन. ते उत्तरातून वजा करायचं असतं. नाहीतर पाण्याचं जे असतं, तेही नमुन्याच्याच नावावर...’

वाक्य तिथेच राहिलं.

वरचा पंखा कुरकुरत होता. सरांनी कागद पुन्हा उघडले. पहिल्या पानावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

‘हे सुरुवातीचं तापमान कुठून आणलंस?’

‘... त्याची नोंद नाही. मापक जळून गेला.’

‘मग?’

‘गृहीत धरलं.’

‘थोडं कमी धरलं असतंस तर?’

खोचीकर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर मैदानात कुणीतरी सायकल शिकत होतं.

‘कमी धरलं तर मिश्रण उशिरा तापतं,’ शेवटी ते म्हणाले. ‘मग... व्हॉल्व्ह वेळेवर उघडला असं निघतं.’

‘म्हणजे उत्तमची चूक नाही?’

‘तसंही म्हणता येत नाही.’

‘नाही येत,’ सर म्हणाले. ‘ते गणित करून बघितलं नाहीस?’

‘बघवलं नाही.’

...

खोचीकरांनी खिशातून पेन काढलं. शेवटचं पान वर घेतलं आणि नावावर पेनाचं टोक टेकवलं.

‘खोडतो.’

‘मी खोड म्हटलं नाही.’

‘मग राहू दे?’

‘तेही म्हटलं नाही.’

पेन टेबलावर आपटलं. घरंगळत जाऊन ते खाली पडलं. कुणी उचललं नाही.

‘तुमचं बरं आहे, सर!’ खोचीकरांचा आवाज चिरकला. ‘तुम्हाला कुणाचा राग नाही, लोभ नाही. सगळं गाव म्हणतं, शिरगुप्पे सरांचं मन म्हणजे डिस्टिल्ड पाणी. आमच्या घरी त्याची चप्पल अजून दारात आहे. त्याची आई ती रोज पुसते. मी कुणाला विचारू? कुणाच्या अंगावर जाऊ? ... एक नाव तरी हवं ना मला!’

सरांनी काचपात्र उचललं. मोरीपाशी जाऊन त्यातलं गुलाबी पाणी ओतून दिलं. पात्र एकदा धुतलं. पुन्हा धुतलं. बराच वेळ नळ चालू राहिला.

मग त्यांनी नळ बंद केला. खोचीकरांकडे त्यांची पाठच होती.

‘उत्तमचं घर माझ्या मागच्याच गल्लीत आहे, शशी,’ ते म्हणाले. ‘चार महिने झाले... मी अजून तिकडे गेलेलो नाही.’