भागाबाईचा उपवास

टेकडीवरच्या देवळाला अजून पायऱ्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. देवळामागच्या शेवग्यावर भागाबाई नावाची वानरी राहायची. अंग फार सुटलं, म्हणून तिनं सोमवारचा उपवास धरला. उपवास कसला, तर भाविकांच्या हातचे साबुदाणेवडे, बटाट्याचा चिवडा आणि तूप निथळणारे लाडू! ही तपश्चर्या तिला इतकी मानवली, की तिनं शनिवार धरला, गुरुवार धरला. शेवटी जेवायला एकही वार उरला नाही.

तिची थोरली जाऊ दुपारी मूठभर फुटाणे सावकाश चावायची, वर एक पेरू खायची, की संध्याकाळपर्यंत पोट शांत. ती म्हणाली, "अगं भागा, हे खाऊन बघ. पोटही भरतं आणि अंगही हलकं राहतं."

"शी! फुटाणे उपवासाला चालत नाहीत," भागाबाईनं नाक मुरडलं. "आणि उपवासाचं अंगाला लागत नाही, एवढंही ठाऊक नाही का तुम्हाला?"

तेवढ्यात कुत्री धावून आली. जाऊ सरसर शेंड्यावर गेली. भागाबाई जेमतेम मधल्या फांदीवर पोचली. शेवग्याची ठिसूळच फांदी ती, कडकडू लागली.

"अगं, मोडू नकोस! माझा उपवास आहे!" भागाबाई किंचाळली.

"असेल बाई. पण मला वार कळत नाहीत, वजन कळतं," फांदी म्हणाली आणि मोडली.