सामाचं अर्धं टाकं

बसा जरा, दम खा. पायऱ्या संपल्या आता. हे समोर दिसतंय ते पाण्याचं अर्धं टाकं. आमच्या लेण्यातली बाकीची टाकी चांगली पुरुषभर खोल आहेत, हे मात्र एका अंगाला गुडघ्याएवढंच. आणि वर भिंतीवर हा घासून गुळगुळीत केलेला चौकोन पाहा. लेख कोरायची जागा आहे ती, पण अक्षर एक नाही. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी शहाणा पाणी शिंपडून लेख शोधत बसतो. मी शोधू देतो.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. या घाटाने बैलांवरून मीठ वर यायचं, तेव्हाची. पायथ्याच्या कोंडेघर गावात भद्रक नावाचा मिठाचा व्यापारी राहायचा. घरात तो आणि बायको सामा, दोघंच. माणूस वाईट नव्हता हो. मापात कुणाला फसवलं नाही त्याने. पण डोक्यात एकच घेतलेलं: वाटसरूंसाठी टाकं खोदवायचं आणि त्यावर आपलं नाव राहिलं पाहिजे. त्यापायी बारा वर्षं त्याने पोटाला चिमटा घेतला. स्वतःच्या, आणि न विचारता सामाच्याही.

पैसे साठतील तसे तो वर आणून पाथरवटाला द्यायचा. लेण्यात सुमन नावाचे म्हातारे भिक्षू असत. ते दर खेपेला एकच विचारायचे, घरचे जेवले का? भद्रक चालता चालता म्हणायचा, हो भंते. त्याला वाटे, म्हाताऱ्याची बोलायची रीत आहे. एकदा त्यांनी त्याला पैशाची पिशवी मांडीवर ठेवून नुसतं बसायला लावलं. मन कुठे जातं तेवढं बघ, म्हणाले. भद्रक बसला आणि उठून म्हणाला, टाक्याकडे जातं. वाटेत कुठेच थांबत नाही का, असं भिक्षूंनी विचारलं म्हणे. त्यालाही तो हो म्हणाला आणि कामाला लागला.

इकडे सामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. बंदरातला एक वैद्य तो सुईने बाजूला सारायचा, पण तिथे जायचं म्हणजे खर्च, आणि फार उशीर झाला तर इलाज नाही. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. जीव होता तिचा त्याच्यावर, त्याचं टाकं व्हावं असं तिलाही वाटायचं. चूल, जातं, पाणी सगळं हाताच्या अंदाजाने करायची, आणि या गड्याला पत्ता नाही! आता काय म्हणावं अशा माणसाला?

टाकं निम्म्यावर आलं तशी भद्रकाला घाई झाली. खोदकाम होईल मागाहून, आधी नाव कोरा, म्हणाला. पाथरवटाने भिंत घासून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भद्रक मोठ्या हौसेने सामाला वर घेऊन आला. त्याच्या उपरण्याचं टोक धरून ती चढली. त्याने तिला इथेच, या भिंतीसमोर उभं केलं.

"बघ," म्हणाला.

सामा हसली. "किती सुरेख आलीत हो अक्षरं!"

पाथरवटाने अजून छिन्नीही लावली नव्हती.

भद्रकाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, कितीतरी वर्षांनी. भिक्षू शेजारीच होते. त्यांनी नेहमीचंच विचारलं, पण या वेळी त्याच्या तोंडून हो निघेना. तो मोठ्याने रडला, असं सांगतात. पाठीवर हात ठेवून भिक्षू म्हणाले, "पैसा वाईट नाही रे बाबा. तो कुणाच्या ताटातून उचलला, तेवढं बघत जा."

मजुरी चुकती करून, उरले ते पैसे घेऊन दोघं त्याच दिवशी घाट उतरून बंदरातल्या वैद्याकडे गेले. एक डोळा गेला तो गेलाच. दुसऱ्याने मात्र दिसू लागलं. परतल्यावर सामा वर आली, ओंजळभर पाणी प्याली. पुढच्या साली टाकं पुरं करू, असं भद्रक म्हणाला.

"पुरतंय की एवढं," ती म्हणाली. "तुम्ही घरी बसा जरा."

नावाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आजही इथल्या दानपेटीत पैसे टाकण्याआधी आम्ही माणसाला विचारतो, घरचे जेवले का? पुष्कळांना वाटतं, आता पंगत आहे. गेल्या बुद्धपौर्णिमेला एक गृहस्थ मोठी नोट पेटीच्या फटीशी धरून उभे होते. मी विचारलं तर हात तसाच राहिला. मग त्यांनी नोट खिशात घातली, त्या पायरीवर बसले आणि गावी फोन लावला. "आई, मी येतोय," एवढंच बोलले, पण दोनदा बोलले. पलीकडे विश्वास बसला नसावा.