डोलीचे चार खांदे

फार फार जुनी गोष्ट आहे. डोंगराला तेव्हा पायवाट होती, गाडीरस्ता नव्हता.

त्या डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात पाणी होतं, गवत होतं, देऊळही होतं. नव्हती ती सुईण. सुईण आणि वैद्य दोघंही खाली नदीकाठच्या गावात राहत, आणि तिथवर सात वळणांची अवघड वाट उतरून जावं लागे. म्हणून गावानं एक डोली ठेवली होती. आजारी माणूस, अडलेली बाई, नवी नवरी, अशी ज्यांना ती वाट पायी झेपणार नाही ती माणसं डोलीतून जात-येत.

डोलीला एक लांब दांडा आणि दांड्याला चार खांदे. दोघं पुढं, दोघं मागं. पुढचा वाट बघून हाक देई, "धोंडा डावीकडं." मागचा म्हणे, "बघितला." खरं तर मागच्याला डोलीशिवाय काहीच दिसत नसे. तो पुढच्याच्या हाकेवर विश्वासून पाय टाकी.

चौघांच्या जागा ठरलेल्या असत. ज्याच्या बापानं जिथं खांदा दिला, तिथंच लेकानं द्यायचा. बापाच्या खांद्यानं दांड्याला खळगा पडलेला असे. त्यात लेकाचा खांदा नीट बसला की गावाला बरं वाटे.

एका साली जुने चौघंही थकले आणि त्यांचे चार लेक दांड्याखाली आले. चौघंही मिसरूड फुटलेले. बाप चौघं एका उंचीचे होते, लेक मात्र तसे निघाले नाहीत. पुढचे लखू आणि सोनबा आईच्या वळणावर गेलेले, बुटके. मागचे हैबती आणि खंडू ताडमाड वाढलेले.

या चौघांनी सर्वांत पहिल्यांदा वर आणली ती पाटलांची नवी सून.

ती अबोल होती, पण तिचे डोळे काही अबोल नव्हते. डोलीचा पडदा खाली सोडलेला, त्यामुळं तिला वाट दिसत नव्हती. मांडीवरचं ओटीचं ताट तेवढं दिसत होतं. सात वळणं चढून आली, तरी ताटातला तांदळाचा दाणा सांडला नाही.

मग पहिल्या सणाला ती माहेरी निघाली. डोली तीच, चौघं तेच, वाटही तीच. पण उतरताना ती सारखी पुढं घसरत राहिली. सासूनं दिलेली लाडवांची दुरडी आधी तिच्या पायाशी गेली, मग पडद्याबाहेर. अकरा लाडू दरीत गेले. परत वर येताना पुन्हा काही नाही, जणू पाळण्यात बसली होती.

सून विचार करत राहिली. पाचव्या वळणावर तिला उमगलं. चढताना मागची बाजू खाली असते आणि मागं उंच पोरं आहेत, म्हणून डोली समतोल राहते. उतरताना पुढची बाजू खाली जाते आणि तिथं नेमके बुटके. उतरताना उंच दोघं पुढं आले की झालं. पोरांची पावलं तर महिन्याभरातच एकमेकांत बसायला लागली होती.

पण सांगायचं कुणाला? भाजीत मीठ बरोबर आहे का, याखेरीज नव्या सुनेला कुणी काही विचारत नसे.

काही महिन्यांनी पाटलांची लेक गोदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच सुमाराला पाटलांच्या म्हाताऱ्या चुलत्यांना वैद्याकडं नेताना डोली चौथ्या वळणावर कलली. म्हातारबुवा पुढच्या पुढं बाहेर आले आणि त्यांचं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर गाव जमलं. चौघं पोरं खांबाला टेकून उभी होती. सून आत ताकाची भांडी भरत होती.

"बदलून टाका चौघांनाही," एक जण म्हणाला. "हे काय पोरांचे खेळ आहेत?"

"एवढ्यातेवढ्यावरून?" दुसरा म्हणाला. "एखादा बदला हवं तर. सगळेच कशाला?"

"एखादा कोणता, ते सांग की."



भिवाबा म्हणून जुन्या चौघांतला एक म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "पाटील, आम्हाला एका पावलाचं व्हायला तीन सालं लागली. ही पोरं सहा महिन्यांत बरीच पुढं आलीत. अडतंय कुठंतरी, पण ते बारीक आहे."

"कुठं अडतंय?"

"ते मी कसं सांगू? मी कधी डोलीत बसलोच नाही."

ओसरीवर हसू फुटलं. सून मात्र हसली नाही. एवढ्या बोलण्यात मुद्द्याची गोष्ट हीच एक होती, आणि तीच हसण्यावारी गेली.

पाटील माणूस वाईट नव्हते. ते लेकीच्या काळजीनं दोन रात्री झोपले नव्हते. ते म्हणाले, "भिवाबा, माझ्या गोदेला दोन महिने राहिलेत. ती काय तीन सालं थांबणार आहे?"



देवळापुढं एक गोल धोंडा होता. गावाच्या चारही वाड्यांमधून जे चौघं तो छातीपर्यंत उचलतील, ते डोलीचे नवे मानकरी, असं पाटलांनी ठरवलं. पोरांनी दांडा रुतू नये म्हणून खांद्यावर घ्यायच्या आपापल्या गाद्या काढून ओसरीवर ठेवल्या. लखू गादी ठेवताना हळूच म्हणाला, "पाटील, आमचं चुकतंय काय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

"ते कळायला आता वेळ नाही," पाटील म्हणाले.

त्या दुपारी तांदूळ निवडताना सून सासूला म्हणाली, "आत्याबाई, चौघं चांगले आहेत. उतरताना उंच दोघं पुढं आले, तर डोली कलायची नाही."

सासूनं खडा काढून बाजूला टाकला. "बापाची जागा सोडायला सांगायची त्यांना? आणि पुरुषांच्या कामात आपण कशाला पडायचं, बाई."

सून पुन्हा तांदूळ निवडू लागली. आपण सांगितलं, एवढ्यावर तिनं मनाचं समाधान केलं. ते समाधान पुढं तिला फार महाग पडलं.

धोंडा उचलणारे चौघं मिळाले. रेड्यासारखे मजबूत, चारही एका उंचीचे. त्यांनी डोलीत भाताचं पोतं घालून खाली-वर एक खेप केली. पोत्यानं काही तक्रार केली नाही. गाव खूश झालं.

गोदेला दिवस भरायच्या आधीच पहाटे कळा सुरू झाल्या. उजाडता उजाडता डोली निघाली. पाटील पुढं चालले आणि सून डोलीला हात लावून शेजारी.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्यावर पुढच्यानं हाक दिली, "खड्डा." मागचा म्हणाला, "कुठं? नीट सांग की." चौघंही आपापल्या वाडीतले म्होरके, हाक देणारे; उत्तर द्यायची सवय एकालाही नव्हती. एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड. डोली झोके खाऊ लागली.

"वहिनी," आतून गोदा म्हणाली, "यांना जरा हळू चालायला सांग गं."

हळू चालले तर पावलं आणखीच चुकत. तिसऱ्या वळणावर त्यांनी डोली टेकवली, खांदे बदलले, आणि पुढं कुणी राहायचं यावर त्यांची जुंपली. चौथ्यावर पुन्हा टेकवली. त्यांच्यात जोर काही कमी नव्हता. तीन सालं मिळाली असती, तर तेही एका पावलाचे झाले असते. पण ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं तरी डोली पाचव्या वळणावरच होती. आतून गोदेचं कण्हणं येत होतं. मग तेही कमी झालं.

तेव्हा सुनेनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सासऱ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "मामंजी, त्या चौघांना बोलवा."

पाटलांनी तिच्याकडं पाहिलं. एरवी ते काय म्हणाले असते कोण जाणे. आता ते वळले आणि जिवाच्या आकांतानं वर हाका मारू लागले.

बोलवायला लांब जावं लागलं नाही. चौघं पोरं सकाळपासून झाडीच्या आडोशानं मागोमाग येतच होती. सून लखूला म्हणाली, "भाऊ, उतरताना उंच दोघं पुढं घ्या. हैबतीभाऊंना हाक द्यायला सांगा."

लखूनं दांड्यावरच्या आपल्या बापाच्या खळग्यावर एकदा हात फिरवला आणि तो मागं जाऊन उभा राहिला.

हैबतीची हाक आली, "धोंडा उजवीकडं." मागून लखू म्हणाला, "बघितला." शेवटची दोन वळणं डोली अशी उतरली, की आत पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर असती तरी ती डुचमळली नसती. गोदेनं पडद्याखालून हात बाहेर काढला आणि वहिनीचं बोट धरलं. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली. तिचे हे शेवटचे शब्द.

सुईण दारातच उभी होती. तिनं मूल सोडवलं, मुलगी झाली. आई हाती लागली नाही. सुईण हात धुऊन बाहेर आली आणि पाटलांना एवढंच म्हणाली, "घटकाभर आधी आला असता तर."

गोदेला नदीकाठीच अग्नी दिला. तिला तिथवर त्याच चौघा पोरांनी नेलं. ते हलकं ओझंही त्यांनी एका पावलानं नेलं.

तिसऱ्या दिवशी डोली वर निघाली. आत सून आणि तिच्या मांडीवर तीन दिवसांची मुलगी. चढ होता, म्हणून उंच दोघं पुन्हा मागं गेले. पाटील डोलीच्या शेजारून चालत होते. पाचव्या वळणाशी ते थांबले, म्हणून डोलीही थांबली.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे उंच-बुटक्याचं तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"होय, मामंजी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," सून म्हणाली. "हळू सांगितलं."

पाटलांनी मान खाली घातली. "आणि मी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पोरांना हातानंच चालायची खूण केली.

त्या दिवसापासून गावात डोलीचा दांडा कुणाच्याही बापाचा राहिला नाही. चढाला एक रीत आणि उताराला दुसरी अशी पडली. आणखीही एक रीत पडली. डोली खाली टेकली, की आतल्या माणसाला विचारायचं, "कुठं कललं?" तो जे सांगेल, ते चौघं मान खाली घालून ऐकत. लखू, सोनबा, हैबती आणि खंडू यांनी पुढं तीस सालं डोली वाहिली, आणि त्यांच्या डोलीतून कुणी पडलं नाही.

गोदेची मुलगी मामीच्या मांडीवर वाढली. त्या पहिल्या प्रवासात ती सातही वळणं शांत झोपली होती, असं गावात कौतुकानं सांगत. मामी ते ऐके आणि हातातलं काम करत राही.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: थोडं बदलायचं की सगळंच, हे ठरवण्याआधी जो डोलीत बसला त्याला विचारावं, आणि जो बसला त्यानं ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगावं.