हत्तींचे कवाड

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सुताराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव शालक. लाकडावर वेली कोरणे हे त्याच्या कुळाचे काम. त्याने कोरलेल्या पानावरून बोट फिरवले, तर ते पान दबेल असे वाटे.

नगरीच्या दुसऱ्या टोकाला वज्रक नावाचा म्हातारा कारागीर राहत असे. तो हत्ती, बैल, रानडुकरे कोरी. त्याच्या कामाला गुळगुळीतपणा नसे. पटाशीचे घाव तो तसेच राहू देई, आणि त्या घावांमुळे जनावराची कातडी जिवंत वाटे. ही दोन घरे एकमेकांच्या कामाबद्दल कधी चांगला शब्द काढीत नसत.

राजाने वाटसरूंसाठी अन्नशाळा बांधली. तिच्या दाराला शिसवीची दोन भव्य कवाडे लावायची होती. एक कवाड राजाने शालकाला दिले, दुसरे वज्रकाला, आणि सांगितले, "ज्याचं कवाड सरस ठरेल, तो कारागिरांच्या श्रेणीचा प्रमुख होईल. राजवनातलं लाकूड कोणाला द्यायचं ते तोच ठरवील."

हे ऐकून दोन्ही घरांची झोप उडाली. जो हरेल त्याला लाकूड मिळणार नाही, आणि लाकूड नाही म्हणजे कोरणेही नाही, हे सगळ्यांना कळत होते.

काम निम्म्यावर आले असताना वज्रकाच्या अंगणात एक ओंडका घसरला आणि म्हाताऱ्याच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. ही बातमी शालकाचा भाऊ धनक धावत घेऊन आला.

"दादा, आता काळजी मिटली! म्हाताऱ्याचे हत्ती अर्धेच राहिले. वन आपलंच."

शालकाने मोगरी खाली ठेवली. "सोंडा झाल्या होत्या का रे त्याच्या?"

"सोंडांचं काय घेऊन बसलास?"

"लहानपणी मी त्याच्या कुंपणापाशी उभा राहून बघायचो," शालक म्हणाला. "सोंड तो सगळ्यात शेवटी कोरतो. ती लाकडातून कशी बाहेर येते, ते मला कधी दिसलंच नाही. त्याने हाकलून दिलं होतं."

असे म्हणून तो उठला आणि थेट वज्रकाच्या घरी गेला. म्हातारा हात गळ्यात बांधून आपल्या अपुऱ्या कवाडासमोर बसला होता.

"हसायला आलास?"

"नाही काका. माझे हात घेऊन आलोय. तुम्ही सांगा, मी कोरतो."

"तुझे हात वेलींचे. माझ्या हत्तीला पानं फुटतील!"

"मग त्या हातांची खोड मोडा," बोधिसत्त्व म्हणाला आणि पटाशी उचलून कवाडापाशी बसला.

वज्रकाने खरोखरच खोड मोडली. डाव्या हातात काठी घेऊन तो मागे उभा राही आणि ओरडे, "घासू नकोस! हत्ती आहे तो, नवरी नव्हे!" कधी म्हणे, "ही काय फुगलेली म्हैस काढलीस?" म्हाताऱ्याची बायको कुंदा ताक घेऊन येई आणि म्हणे, "अहो, निदान ताक पिताना तरी त्याला बोलू नका." शालकाला मात्र हसू आवरत नसे. लाकडाला गाठ आली की वज्रकाचा आवाज एकदम मऊ होई. "थांब. गाठ टाळू नकोस. लाकूडच सांगतंय, डोळा इथे आहे." मग त्या गाठीतून हत्तीचा शहाणा, बारीक डोळा उघडे.

शेवटी सोंडा बाहेर आल्या. त्या दिवशी शालक लहान मुलासारखा टाळ्या पिटत अंगणभर नाचला. आपले स्वतःचे कवाड खाली हातभर कोरेच राहिले आहे, हे त्याच्या ध्यानातही नव्हते.

अन्नशाळेपाशी सारे नगर जमले. हत्ती पाहून लोकांनी एकच जल्लोष केला. शालकाच्या वेली सुंदर होत्या, पण त्या मध्येच थांबल्या होत्या. राजाने वज्रकाचे कवाड सरस ठरवले. तेव्हा वज्रक गळ्यातला हात दाखवीत पुढे आला आणि गरजला, "महाराज, हत्ती माझे, पण घाव याचे आहेत!" आणि घडलेले सगळे त्याने सांगून टाकले.

राजा थक्क झाला. "शालका, स्वतःचं अपुरं टाकून प्रतिस्पर्ध्याचं का पुरं केलंस?"

"महाराज, माझ्या वेली मला ठाऊक होत्या," बोधिसत्त्व म्हणाला. "हत्ती ठाऊक नव्हते. ते लाकडातून बाहेर येताना पाहिले आणि इतका आनंद झाला, की बाकी काही आठवलंच नाही."

राजाने वज्रकाला विचारले, "श्रेणीप्रमुख, आता लाकडाचं काय करायचं?"

"निम्मं याच्या घरी," वज्रक म्हणाला. "आणि याने माझ्या घरी येऊन वेली शिकवायच्या. माझे हत्ती इतकी वर्षं उपाशी उभे आहेत. त्यांना चरायला नको?"

सारे नगर हसले. धनकही हसला, आणि वज्रकाला घरी नेण्यासाठी त्यानेच हात पुढे केला. त्यानंतर पोतनात जे हत्ती कोरले गेले, त्यांच्या सोंडेत नेहमी एखादी कोवळी फांदी असे.

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा तो धनक म्हणजे आजचा भिक्षू सुमंगल. कुंदा म्हणजे विहाराला रोज ताक पाठवणारी उपासिका रोहिणी. वज्रक म्हणजे तुम्हाला पाठ शिकवताना ओरडणारा आपला स्थविर उत्तरक. आणि शालक सुतार तो मीच होतो." भिक्षूंनी उत्तरकाकडे पाहिले. म्हातारा स्थविर लाजून जमिनीकडे पाहू लागला. शास्ता पुढे म्हणाले, "दुसऱ्याच्या हातची कला फुललेली पाहून आपले मन भरून येते, त्या आनंदाला मुदिता म्हणतात. त्या जन्मी मी तीच जोपासली."